शेवरीवाल्या आबांना जाहीर थँक्यू

आबा, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फक्त भजनं आणि हवामान बघता, त्यामुळे हे तुमचा नातूच तुम्हाला वाचून दाखवेल बहुतेक. पण रावेर-यावलकडच्या आपल्या लोकांनी पण वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

मागच्या जूनमध्ये केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) लावताना पप्पा पश्चिमेच्या बांधाला गोठ्याचे जुने पत्रे उभे करणार होते. तुम्ही नर्सरीतून उठून शेतावर आलात आणि म्हणालात, वारा अडवायचा नाही रे, गाळायचा. पॅक भिंत केली की वारा वरून उडी मारतो, पलीकडे गरगरत खाली येतो आणि तिथलीच झाडं आडवी करतो, त्यापेक्षा निम्मा आरपार जाऊ दे. मग केळीबरोबरच शेवरीच्या, म्हणजे त्या भराभर उंच वाढणाऱ्या बारीक पानांच्या झाडाच्या, दोन ओळी, झिगझॅग, आणि शेवरीची मुळं केळीचं खत-पाणी खाऊ नयेत म्हणून मधे चर.

आडोसा उंचीच्या साधारण दहापट लांब पोचतो म्हणालात, म्हणजे बारा फुटी शेवरीला एकशेवीस फूट, आणि खरंच या मे महिन्यात गरम वारे सुटले तर बांधाकडच्या ओळींची पानं अख्खी, पंगतीला वाढावीत अशी, आणि पार पलीकडच्या टोकाला नुसत्या चिंध्या! पप्पा आता मधे अजून एक ओळ टाकायची म्हणतायत.

दुसरं थँक्यू आमच्या पुण्याच्या फ्लॅटकडून. झाडं मागितली तर तुम्ही आधी विचारलंत, घरात रांगतं पोर आहे का. आहे म्हटल्यावर मनी प्लांट आणि झीझी उंच शेल्फवर ठेवायला सांगितलंत, कारण पान चावलं तर तोंडाची आग होते, आणि खाली ठेवायला स्पायडर प्लांट दिलंत. हे कुठल्या दुकानदाराने सांगितलं नसतं. झीझीच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, पाणी त्यातच साठतं, म्हणून कुंडीत बोट खुपसायचं आणि ओलं लागलं तर गुपचूप मागे फिरायचं, हे बायकोने फ्रिजवर लिहून ठेवलंय. मनी प्लांटचं पेर बाटलीत बुडवलं होतं त्याला मुळं फुटलीत, आता शेजारच्या काकूंना पण हवंय.

कटिंगचे पैसे तुम्ही घेतले नाहीत ते नाहीतच. शेवरीचं बी धरून ठेवलंय, बांधाशेजारचे भाऊ केळीच्या कांदेबागेला (पावसाळ्यानंतरची लागवड) लावायचं म्हणतायत, त्यांना किती देऊ तेवढं नातवाकडून कळवा.