आणंदहून पदवी घेऊन निघणाऱ्या लेकीस

सांगली

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, पुढच्या आठवड्यात आणंदला तुमच्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचा दीक्षान्त समारंभ आहे आणि तिथल्या गर्दीत, फोटोंच्या घाईत, मला जे बोलायचे आहे ते बोलायला सवड मिळणार नाही. फोनवर बोलावे म्हटले तर तुझी आई मध्येच फोन काढून घेते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहून पाठवतो.

ग्रामीण व्यवस्थापनाची पदवी घेऊन तू बाहेर पडतेस याचा आनंद घरात सगळ्यांना आहे. आजीचे गल्लीभर पेढे वाटून झाले आणि ‘ताई मॅनेजर झाली’ एवढ्यावर तिचे समाधान आहे. माझा आनंद थोडा निराळ्या जागी आहे. गावच्या दूध संस्थेत सचिव म्हणून मी उभी हयात काढली असल्यामुळे मॅनेजर या पदाचे मला फारसे अप्रूप नाही. हिशेब, बाजारपेठ, वित्त हे विषय तू कुठल्याही चांगल्या संस्थेत शिकली असतीस. परंतु ज्यांचा माल आहे त्यांच्या पदरी आपण कामाला आहोत, ही गोष्ट तू परक्या मुलखात, परक्यांच्या ओसरीवर बसून शिकलीस आणि या दोन वर्षांतली खरी कमाई मी तीच मानतो.

पहिल्या वर्षी तुम्हा मुलांना जोडीने खेड्यात राहायला पाठवतात, हे ऐकून आई किती धास्तावली होती ते आठवत असेल. तुझ्या वाट्याला ओडिशातला कंधमाळ जिल्हा आला. भाषा कुई, जेवण वेगळे, फोनला रेंज मिळवायची तर टेकडी चढायची. सुरुवातीच्या तुझ्या फोनमध्ये सगळी तक्रार तुमच्या प्रश्नावलीची होती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती, या प्रश्नाला कोणी उत्तरच देत नाही म्हणून तू वैतागली होतीस. मग अंगणात रांगोळी आणि बिया घेऊन गावाचा नकाशा बायकांकडूनच काढून घेतलात, तेव्हा कुठे घरे, झरे, जंगलाकडच्या वाटा आणि कोणाची शेती कोणाकडे गहाण आहे ते सगळे जमिनीवर उमटले. त्या नकाशाचा फोटो तू पाठवला होतास. झऱ्यासाठी एकीने तीन बिया ठेवल्या आणि दुसरीने त्यातल्या दोन उचलून घेतल्या, कारण उन्हाळ्यात पाणी तेवढेच उरते, हे तू ज्या बारकाईने सांगितलेस त्यावरून मुलगी कामाला लागली अशी माझी खात्री पटली.

आणि हळदीची ती गोष्ट. कंधमाळच्या हळदीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तू जाण्यापूर्वीच वाचून ठेवले होतेस. प्रत्यक्षात हळद अजून जमिनीत होती आणि तिचा भाव मात्र पावसाळ्यातच ठरून गेला होता, कारण व्यापाऱ्याने उभ्या पिकावर उचल दिलेली होती. तू रात्री बसून त्या उचलीचा व्याजदर काढलास आणि सकाळी ज्या बाईच्या घरी राहत होतीस तिला मोठ्या उत्साहाने दाखवलास. ती म्हणाली, आकडा खरा असेल, पण माझ्या पोराला मध्यरात्री ताप भरला तेव्हा पैसे घेऊन तो व्यापारीच दारात आला होता. तुमची बँक रात्री उघडी असते का? त्या दिवशी तू फोनवर बराच वेळ काही बोलली नाहीस. ताई, व्याजाचा दर काढता येणे आवश्यकच आहे, त्यात तडजोड नको. पण शेतकरी सावकाराकडे का जातो याचे उत्तर त्या दराच्या आकड्यात मिळत नाही, हे ज्याला विशीत कळले त्याच्या हातून पुढे योजना जरा जपून आखल्या जातात.

आपल्या सांगलीलाही हळद नवी नाही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठारांत, वर्षानुवर्षे हळद साठवली जात असे. 2005 च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवे निकामी केली. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी चाल माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिलेली आहे. भाव दोन हातांत ठरायचा आणि ज्याची हळद तो शेतकरी बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघायचा. तू कंधमाळात पाहिलेस ते याहून फारसे वेगळे नाही. दूर जाऊन पाहिल्याशिवाय घरचे नीट दिसत नाही, असे तूच म्हणालीस आणि ते मला पटले.

तुमची संस्था आणंदलाच का निघाली, हे तू वर्गात शिकली असशीलच. तरी एका जुन्या सचिवाच्या नजरेतून थोडे सांगतो. खेडा जिल्ह्यातले दूध तेव्हा पोल्सन या खासगी डेअरीच्या मुठीत होते. सरदार पटेलांच्या सल्ल्याने 1946 साली शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जिल्हा दूध उत्पादक संघ, म्हणजे आजचा अमूल, नोंदला गेला. गावोगाव पायपीट करून माणसे जोडणारे त्रिभुवनदास पटेल होते. डॉ. वर्गीस कुरियन 1949 च्या मे महिन्यात आणंदला आले ते शिष्यवृत्तीचा करार फेडायला, सरकारी क्रीमरीत, नाइलाजाने. वय सत्तावीस, म्हणजे तुझ्यापेक्षा थोडेच जास्त, आणि मन सगळे तिथून सुटण्याकडे. त्यांना थांबवून घेतले त्रिभुवनदासांनी. पुढे म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे तंत्र एच. एम. दलाया यांनी बसवले. 1963 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी या तिघांना मिळून. या सगळ्या इतिहासात लोक कुरियन यांचेच नाव घेतात. ते थोर होतेच. पण त्यांनी स्वतः आयुष्यभर आपली ओळख शेतकऱ्यांचा नोकर अशी करून दिली, हे मात्र भाषणांत एखाद्या शोभेच्या वाक्यासारखे येऊन निघून जाते. मला ते वाक्य कामाच्या कागदासारखे वाटते. निवडून आलेला अध्यक्ष आणि पगारी व्यवस्थापक यांनी एकमेकांची हद्द पाळली म्हणून तो संघ उभा राहिला. 2025 साली संसदेने कायदा करून तुमच्या संस्थेच्या जागी सहकारी विद्यापीठ केले आणि त्याला त्रिभुवनदासांचे नाव दिले, याचा मला म्हणूनच विशेष संतोष वाटला.

आणखी एक गोष्ट तुझ्या त्या खेड्यातल्या मुक्कामाशी जुळते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री 1964 च्या ऑक्टोबरात आणंदला आले तेव्हा ते अजरपुरा या गावी शेतकऱ्याच्या घरी रात्री मुक्कामाला राहिले आणि लोकांशी बोलत बसले. त्यानंतरच्या वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, तेही दिल्लीत नव्हे, आणंदला. 1970 पासून दुधाचा महापूर योजना देशभर गेली, संघ वाढले आणि ते चालवायला शिकलेली माणसे कमी पडू लागली. मोठ्या व्यवस्थापन संस्थांतून बाहेर पडणारी हुशार मुले शेतकऱ्यांच्या संस्थांकडे फिरकेनात, म्हणून 1979 साली तुमची संस्था काढावी लागली. खेड्यात राहण्याचा तो काळ अभ्यासक्रमात आहे तो काही हौस म्हणून नव्हे.

आता तू हिंगोली जिल्ह्यातल्या हळद उत्पादकांच्या कंपनीत रुजू होणार. तुझ्या वर्गातली काही मुले बँकांत गेली, काही मोठ्या कंपन्यांच्या ग्रामीण विक्री विभागात. त्यांना नावे ठेवू नकोस. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे त्याला तत्त्वज्ञान ऐकवणे बरे नव्हे. तुझा पगार त्यांच्यापेक्षा कमी आहे म्हणून शेजारचे काका दोनदा येऊन गेले. त्यांना मी चहा पाजला आणि विषय पावसाकडे वळवला.

या उत्पादक कंपन्यांचा कायदा मी चष्मा पुसून वाचला. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 साली कंपनी कायद्यात ती दुरुस्ती झाली आणि पुढे तेच अलघ तुमच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. सभासद फक्त उत्पादक, मत सामान्यतः माणशी एक, शेअर बाजारात विकायचे नाहीत आणि ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस. म्हणजे आपण दिवाळीला सभासदांना दूध फरक वाटतो तोच न्याय. मला सर्वांत आवडले ते कलम असे की, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी संचालक मंडळाने नेमायचा, पण तो सभासदांपैकी नसावा. तू आज त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली आहेस, उद्या त्या खुर्चीत बसशील. तेव्हा कायद्यानेच तुला बाहेरची ठरवलेले आहे, याचे वाईट वाटून घेऊ नकोस. आपली हळद नाही, आपला भाऊबंद नाही, म्हणूनच वजनकाट्यापाशी सगळे सारखे ठेवणे शक्य होते. आमच्या डेअरीत सचिवाच्याच म्हशी असल्या की फॅट कोणाची किती लागली यावरून रोज कुजबुज असते. म्हणून मी नोकरीत असेपर्यंत आपल्या गोठ्यात जनावर ठेवले नाही आणि तुला लहानपणी दूध विकतचे प्यावे लागले.

एक काम मात्र तू रुजू झाल्याबरोबर करावेस असे मला वाटते. सभासदांची नोंदवही काढून नावे वाच. आपल्याकडे पहाटे धार काढणारी, वैरण कापणारी, घागर घेऊन रांगेत उभी राहणारी बाई असते आणि पासबुकावर नाव नवऱ्याचे असते. दहा दिवसांचे बिल त्याच्या खात्यावर जाते. हळदीतही बेणे लावण्यापासून खुरपणीपर्यंत आणि काढणीनंतर हळकुंड व गड्डा वेगळा करण्यापर्यंत बायकाच राबतात, परंतु सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्यांना कोणी सभासद धरत नाही. कायद्याला जमिनीचा मालक नव्हे, उत्पादक हवा आहे. तेव्हा वाट आहे. मात्र पहिल्याच बैठकीत हा विषय काढलास तर संचालक मंडळी मान डोलावतील आणि पुढे काहीच होणार नाही. आधी एक हंगाम माल वेळेवर उचल, मालाच्या हिशेबाची पट्टी वेळेवर दे, वजन चोख ठेव. मग तुझ्या बोलण्याला किंमत येईल. हा सल्ला तुझ्या पुस्तकात आहे की नाही ते ठाऊक नाही, पण आमच्या संस्थेत बायकांच्या नावाने पासबुके निघाली ती याच क्रमाने.

आणि व्यापाऱ्यांशी उगाच वैर धरू नकोस. हिंगोलीची हळद सांगलीच्या बाजारात येते; इथले अडते, प्रतवारी, पॉलिश, वाळवणीतला ओलावा यांबद्दल जे विचारायचे असेल ते मला विचार, ओळखीचे चार जण अजून मार्केट यार्डात आहेत. त्यांना शेतकऱ्यांच्या कंपन्यांचा राग नाही. वेळेवर, एका प्रतीचा, ठरल्याप्रमाणे माल न आल्याचा राग आहे, आणि तो अगदीच खोटा नाही.

आम्ही तिघे समारंभाच्या आदल्या दिवशी पोहोचू. आजीला गाडीची दगदग सोसणार नाही असे डॉक्टर म्हणतात, ती ऐकत नाही, तेव्हा खालचा बर्थ घेतला आहे. कंपनीच्या नियमावलीची एक प्रत येताना छापून आण. बोनस वाटपाचे कलम आपल्या संस्थेच्या उपविधींशी ताडून पाहायचे आहे. आई विचारते की वसतिगृहातली गादी परत आणायची की तिथल्या कोणाला देऊन टाकायची. त्याप्रमाणे सामान बांधता येईल, काय ते लवकर कळव.

तुझे
आप्पा