‘लाइफटाइम’ तेलाचा हिशेब बिलावर हवा

महोदय,

क्लचची कटकट नको म्हणून अलीकडे अनेक कुटुंबे सात आसनी मोटारही ऑटोमॅटिक गिअरची घेतात. मात्र त्या गिअरबॉक्सची निगा कशी राखायची हे विकणारा सांगत नाही आणि सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, तर ‘त्यातले ऑइल लाइफटाइम असते’ एवढ्यावर बोळवण होते. हे उत्तर मी आठ वर्षे प्रमाण मानले. गेल्या मे महिन्यात सात माणसे घेऊन खंबाटकी घाट चढताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतेच घोंगावू लागले आणि मग धक्क्यासरशी गिअर पडला.

सर्व्हिस सेंटरने संगणक जोडला आणि तेल न पाहताच अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचे सव्वातीन लाखांचे एस्टिमेट हातात ठेवले. ते घेऊन मी ऑटोमॅटिकचेच काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आधी गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे चेंबर उतरवले. मूळचे लालभडक तेल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते आणि त्याला जळका वास येत होता. आतल्या चुंबकांवर राखाडी लगदा साचला होता, पण धातूचे तुकडे नव्हते. तुकडे निघाले असते किंवा क्लच प्लेट जळाल्या असत्या, तर गिअरबॉक्स खोलण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे त्यानेच स्पष्ट केले. तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतला एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, आणि फिल्टर बदलला. एका वेळी सगळे तेल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागात) राहते, म्हणून काही दिवस गाडी चालवून ते पुन्हा बदलले. खर्च अठ्ठावीस हजार आला आणि धक्का गेला.

या गिअरबॉक्समध्ये तेल वंगणाचे आणि थंडाव्याचे काम तर करतेच, पण क्लच प्लेट दाबून धरणारा दाबही तेच पुरवते. म्हणून त्याची जातही नेमकी लागते. क्रायस्लरने १९८९ च्या मॉडेलपासून आपल्या मिनीव्हॅनमध्ये चार गिअरचा अल्ट्राड्राइव्ह हा गिअरबॉक्स दिला, तेव्हा अमेरिकेतल्या गॅरेजांनी त्याच्या खास तेलाऐवजी सहज मिळणारे डेक्स्रॉन सर्रास भरले आणि त्याच्या बिघाडांत या चुकीचाही वाटा होता. आपल्याकडे अजूनही काउंटरवर ‘ऑटोमॅटिकचे ऑइल’ मागितले जाते, जणू सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) आणि टॉर्क कन्व्हर्टरवाला नेहमीचा गिअरबॉक्स यांना एकच तेल चालते!

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ग्राहकाला माहितीचा हक्क दिला आहे. त्याला धरून तेलाचा ग्रेड, भरलेले लिटर आणि पातळी किती तापमानाला पाहिली, या तीन गोष्टी बिलावर छापणे सर्व्हिस सेंटरना बंधनकारक करावे. माझ्या गाडीला गिअर ऑइलची पातळी पाहायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, नाही. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आले की खालचा प्लग काढायचा आणि धार थांबून थेंब पडू लागले की पातळी बरोबर, अशी तिची रीत आहे. माझ्या जुन्या बिलांपैकी पाचांवर ‘ट्रान्समिशन ऑइल लेव्हल : तपासली’ असे छापलेले आहे, पण कारागिराने तो प्लग मला दाखवला, तेव्हा कारखान्यात मारलेली रंगाची रेघ त्यावर अखंड होती.

– एक वाहनधारक, सातारा