७एफ ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

पोस्टग्रेस या डेटाबेससाठी सी भाषेत लिहिलेलं माझं फंक्शन टेबलच्या एका ओळीवर चोख उत्तर द्यायचं आणि अख्ख्या टेबलवर चालवलं की सिग्नल ११ने, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याने, कोसळायचं. एक बॅकएंड, म्हणजे एका कनेक्शनचं काम बघणारा प्रोसेस, असा पडला की सगळ्यांची शेअर्ड मेमरी बिघडली असेल या धास्तीने पोस्टमास्टर हा मुख्य प्रोसेस बाकीचेही सगळे बंद करतो. त्यामुळे माझ्या एका चुकीपायी टेस्ट सर्व्हरवर सगळ्यांचीच कनेक्शनं तुटत होती. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मान वर करून कुणाकडे बघवेना.

तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात. "आधी स्वतःच्या मशीनवर सोर्सपासून बिल्ड कर. डीबग आणि असर्ट, म्हणजे कोडमधल्या तपासण्या, चालू, ऑप्टिमायझेशन बंद." मी दोन दिवस जीडीबी हा डीबगर पोस्टमास्टरलाच जोडत बसलो होतो. क्वेरी चालवणारा प्रोसेस वेगळा असतो, त्याचा नंबर पीजी_बॅकएंड_पीआयडी देतं, हे तेव्हा कळलं. त्या नंबराला जीडीबी जोडला, फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला, कंटिन्यू.

पहिली ओळ सुरळीत गेली. दुसरीला माझ्या स्टॅटिक, म्हणजे एका कॉलमधून दुसऱ्यात टिकणाऱ्या, पॉइंटरमागचं स्ट्रक्ट छापलं, तर प्रत्येक बाइटमध्ये ७एफ, ७एफ, ७एफ. मला वाटलं कचरा आहे. तुम्ही विचारलंत, "कचरा इतका एकसारखा असतो का?"

असर्ट चालू असलेल्या बिल्डमध्ये मोकळी केलेली मेमरी पोस्टग्रेस ७एफने भरून ठेवतं. मी पॅलॉक केलं होतं, म्हणजे मेमरी मागून घेतली होती, ते त्या ओळीपुरत्या मेमरी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मेमरीच्या कप्प्यात. ओळ संपली की तो रिकामा होतो, माझा पॉइंटर मात्र तिथेच बोट दाखवत राहिलेला. जागा ओळीपेक्षा जास्त टिकणाऱ्या एफएन_एमसीएक्सटी या कप्प्यात घेतली, पॉइंटर फंक्शनसाठी राखलेल्या एफएन_एक्स्ट्रात ठेवला, नवी लायब्ररी उचलली जावी म्हणून नवं सेशन उघडलं, आणि अख्खं टेबल एका दमात पार पडलं.

कोडवर नजर टाकताच चूक तुमच्या लक्षात आली असणार. तरी पाऊण तास तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. उत्तर सांगून उठून जाणं किती सोपं होतं! मनापासून आभार, ताई.

काल दुसऱ्याच एका फंक्शनमध्ये पुन्हा ७एफ दिसले. या वेळी मी थेट पॅलॉक कुठे केलंय ते शोधायला गेलो. दहा मिनिटांत सापडलं. तेव्हाच ठरवलं, हे पत्र आज लिहायचंच.

आपला,
शेजारच्या टेबलावरचा