पहिल्या बोटीत बॅटरी नको

दांडिया बाजार, बडोदा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सूर्याच्या विजेवर चालणाऱ्या तुझ्या खेळण्यातल्या बोटीची यादी वाचलीस: पॅनेल, मोटर, पाण्यात फिरणारा पंखा, बॅटरी, चार्जर, स्विच. त्यातली बॅटरी आणि चार्जर खोडून टाक. आई पानं वाढून बसली होती म्हणून तेव्हा वाद घातला नाही, आता सविस्तर लिहितो.

बॅटरी लावली की बोट पळणारच. बॉडी वाकडी असो, पंखा चुकीचा असो, वजन दुप्पट होवो, बॅटरी सगळ्यावर पांघरूण घालते आणि आपलं काय चुकलं ते कळतच नाही. थेट पॅनेलवरची बोट लगेच चुगली करते. केरळात वैकोमला 2017 पासून ‘आदित्य’ नावाची फेरीबोट सूर्याच्या विजेवर 75 माणसं नेते-आणते. तिच्यात बॅटऱ्या आहेत आणि असायलाच हव्यात, कारण ढग सरेपर्यंत माणसांना भर पाण्यात बसवून ठेवता येत नाही. तुझ्या बोटीत कोण बसणार आहे? (आजीनेही मला हेच विचारलं, पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.)

आता जमाखर्च बघ. तुझं पॅनेल 11 बाय 6 सेंटिमीटरचं, 6 व्होल्ट, 1 वॅट. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण 1000 वॅट देतं. तुझ्या पॅनेलच्या वाट्याला त्यातले साडेसहा येतात आणि वीज होऊन बाहेर पडतो जेमतेम एक. करंट म्हणशील तर 160-170 मिलिअँपिअर. खेळण्यातली साधी मोटर सुरू होतानाच याच्या कितीतरी पट मागते. म्हणून टेबलावर गरगरणारी मोटर मोठा पंखा लावून पाण्यात सोडली की अडून बसते. दुकानदार म्हणेल, मोठं पॅनेल घ्या. घेऊ नकोस. अंथरूण पाहूनच पाय पसरायचे: कमी करंटवर फिरणारी ‘सोलर मोटर’ माग, पंखा लहान ठेव आणि बॉडी हलकी कर.

डेकवर झेंडा लावायचा तुझा बेतही रद्द. पॅनेलमध्ये अर्ध्या अर्ध्या व्होल्टच्या बारा पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एकीवर काठीची सावली पडली तरी साऱ्यांचा करंट आवळला जातो. मे महिन्यात येतेस ते बरंच आहे, तेव्हा दुपारी सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो आणि पॅनेल आडवं ठेवलं तरी चालतं. उत्तरायणात पतंग उडवतो तेव्हा तो भर दुपारीही निम्म्यावरच असतो, आडव्या पॅनेलला पाऊण ऊन मिळतं. फक्त पॅनेल तापलं की वीज घटते, म्हणून त्याच्याखाली वारा खेळेल एवढी फट सोड.

बॉडी फायबरग्लासची, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या कापडाची, आणि ती मात्र माझ्या देखरेखीखाली होईल. वीस-बावीस सेंटिमीटरची नको, 45 लांब आणि 14 रुंद धर. एकच नग काढायचा तर मोल्डचा, म्हणजे साच्याचा, खटाटोप कशाला? लाकडाचा पॅटर्न, म्हणजे बोटीच्या आकाराचा ठोकळा, घासून गुळगुळीत करू, त्यावर पॅकिंगची तपकिरी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावू, वर वॅक्स. रेझिन तिला धरत नाही. थर्माकोलचा पॅटर्न सोपा वाटेल, पण पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल खाऊन टाकतं. पॅटर्न वरच्या काठाकडे रुंद होत गेला पाहिजे, कुठेही आत वळता कामा नये, नाहीतर बॉडी निघायचीच नाही.

आमच्या कारखान्यात टाक्यांना चौरस मीटरला 300 ग्रॅमची मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, वापरतो. ती स्वतःच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पिते. तुझ्या बोटीला एका थरालाच शंभर ग्रॅमच्या वर जातील. त्याऐवजी 200 ग्रॅमचं विणलेलं ग्लासकापड आणतो. दोन थर मिळून तेवढ्यातच होतील. काम सकाळी सहाला सुरू करायचं. उन्हं चढली की रेझिन कपातच घट्ट होतं: आधी ब्रशला सुतासारखे धागे सुटतात, मग कप हाताला चटका देतो आणि मग ब्रशच कपात उभा राहतो. म्हणून रेझिन घट्ट करणारा हार्डनर टक्काभरच, आणि एका वेळी एक लहान कप. कापड टाकलं की पांढरं दिसतं, ब्रशने टिपत गेलं की पांढरेपणा विरतो आणि खालच्या चिकटपट्टीचा तपकिरी रंग दिसू लागतो. जिथे पांढरा डाग राहिला तिथे हवा अडकली असं समज आणि रोलर फिरव.

एक गोष्ट मी हजर नसताना करायची नाही. हार्डनर आणि त्याचं काम वेगवान करणारा कोबाल्ट कधीही एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून ढवळायचा, हार्डनर शेवटी. हातमोजे, चष्मा लागतीलच. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, काचेची कूस अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते.

पाणी शिरतं ते बहुधा पंख्याच्या दांड्याजवळून. पितळी नळीत दांडा बसवून आत ग्रीस भरू. आधी बादलीत नुसती बॉडी तरंगव आणि आत नाणी टाकून कुठे कलते ते बघ, पॅनेल चिकटवल्यावर वजन इकडेतिकडे हलवता येत नाही.

चालवायला सुरसागर तलाव नको, बोट मधे अडकली तर काढणार कोण? आणि विश्वामित्री नदीचं नावही काढू नकोस, मगरींना खेळणं आणि खाणं यात फरक कळत नाही. काकाच्या पादरा गावच्या शेतावरचा हौद मोकळा आहे, त्याला सांगून ठेवलंय.

येताना वसतिगृहातून मल्टिमीटर आण, घरचा बिघडलाय. पॅनेल तिकडेच उन्हात धरून मोजून घे, दुकानात ट्यूबलाइटखाली सगळीच पॅनेलं सारखी दिसतात. तिकीट काढलंस की कळव.

तुझा,
बाबा