गुरुजी, आईला तुम्ही चुलीजवळ बसवलंत

आदरणीय गुरुजी,

सप्रेम जय भीम आणि नमो बुद्धाय.

पत्र मराठीतच लिहितेय. तुमची-आमची लिपी एक, म्हणजे अक्षरं तरी तुम्हाला लागतील. अर्थ अडला तर तुमची धाकटी मोबाइलवर काढून देईल. आधी हिंदीत लिहायला बसले होते, पण आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हिंदीत आभार मानायला लागले की परिपत्रक काढल्यासारखं वाटतं. तुमचं नाव आणि गाव मात्र लिहीत नाही. नेपाळातल्या मुक्तिनाथच्या खालच्या एका गावातले शाळामास्तर, एवढंच पुरे. तुम्हाला कौतुकाचा कंटाळा आहे हे जोमसोमच्या दवाखान्यातच कळलं होतं. मी आभार मानायला लागले की तुम्ही डॉक्टरांना काहीतरी विचारायला उठून जायचात.

पहिलं सांगायचं ते असं, की आई ठणठणीत आहे. सकाळी फिरायला जाते आणि कॉलनीतल्या बायकांना नेपाळच्या गोष्टी सांगते. त्यात टूरवाल्याला रोज नवी शिवी असते.

त्या टूरवाल्याचं नाव मी घेणार नाही. पण राग अजून गेलेला नाही. तो निघेपर्यंत मला खोटं गोड बोलताही येणार नाही.

आईला नेपाळ का बघायचं होतं, हे तुम्हाला घाईत अर्धवटच सांगितलं. 14 ऑक्टोबर 1956 ला ती आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षाभूमीवर होती. तिला आठवतात ती नुसती पांढरी लुगडी आणि धूळ. त्यानंतर महिन्याभरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि 6 डिसेंबरला आपल्यातून गेले. आजोबा घरात सांगायचे, ‘साहेब शेवटी बुद्धाच्या देशात जाऊन आले.’ तेव्हापासून हा देश आईच्या डोक्यात बसलेला. मी निवृत्त झाले आणि म्हटलं, चल.

परवडणारी आणि वयस्कर माणसांना नेणारी टूर तेवढीच मिळाली. लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू. बस सुटून तास झाला नाही तोच मागच्या सीटवरून ‘आडनाव काय हो तुमचं?’ आलं. सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जागा बदलल्या होत्या. कुणी काही बोललं नाही हं, सगळे हसतमुख. आमच्याकडे हल्ली हे असंच होतं, आवाज न करता. लुंबिनीत मॅनेजर म्हणाला, ‘इथं बघण्यासारखं फारसं नाही, पाऊण तासात बसमध्ये या.’ जिथं बुद्ध जन्मले तिथं पाऊण तास! आई मायादेवी मंदिराबाहेर अशोकाच्या खांबापाशी उभी राहिली. राजानं स्वतः इथं येऊन पूजा केली आणि या गावाचा कर माफ केला, असं त्या दगडावर कोरलंय, हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘पाय, आला तं गावाले काही देऊन गेला.’ तेवढ्यात बसचा हॉर्न.

मुक्तिनाथच्या पायथ्याच्या रानीपौव्याला आईचं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, दम लागला. पोखरा आठ-नऊशे मीटरवर, हे साडेतीन हजारांच्या वर, आणि मध्ये शरीराला सवय व्हायला दिवस ठेवलेलाच नाही. ‘ऑक्सिजनची सोय आहे’ असं पत्रकात छापलं होतं. सिलिंडर होता, त्यात हवा नव्हती. ‘आजींना इथं बसू द्या, दर्शन करून तासाभरात येतो’ म्हणून सगळे वर गेले. उतरताना त्यांच्या जीपा दुसरीकडून निघून गेल्या. मॅनेजरचा फोन बंद. आमच्याजवळच्या पाचशेच्या भारतीय नोटा कुणी घेईना. दुपारनंतर काली गंडकीच्या खोऱ्यातून तो वारा सुटला, ज्याच्यामुळे जोमसोमची विमानं सकाळीच उडून मोकळी होतात. डोळ्यांत रेती जात होती आणि मी आईला पदराखाली घेऊन भिंतीच्या आडोशाला बसले होते. समोरून यात्रेकरू जात होते, मराठी बोलणारेही.

गंमत एका गोष्टीची वाटते. जी मूर्ती बघायला ही मंडळी आम्हाला टाकून धावली, तिची सेवा बौद्ध भिक्षुणी करतात. ते विष्णू म्हणतात, तुम्ही चेनरेझिग, म्हणजे अवलोकितेश्वर म्हणता, मूर्ती तीच. एकशेआठ धारांखाली अंघोळ करून, फोटो काढून मंडळी परतली. दिवा कुणी लावला, हे कुणी विचारलं नसेल.

तुम्ही शाळेतून घरी चालला होतात. थांबलात, आईकडे पाहिलंत आणि हिंदीत म्हणालात, ‘हिला खाली न्यायला हवं, आजच.’ पुढं जीप कशी मिळाली, पैसे कुणी दिले, दवाखान्यात काय झालं, ते सगळं मी इथं लिहीत बसत नाही. ते तुम्ही केलंत आणि त्याचे आभार आहेतच. पण मला लिहायचंय ते जीप येईपर्यंतच्या वेळेबद्दल.

तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही शिरलो. बाहेरच्या वाऱ्यानंतर आत एकदम ऊब. भिंतीवरच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी रांगेनं, चेहरा दिसेल इतकी घासलेली. मध्ये चूल, तिच्या बाजूनं भिंतीलगत गालिचे घातलेली बैठक. आई आत आली आणि दाराशी, जिथं चपला काढल्या होत्या तिथंच, जमिनीवर बसली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण ती कुठंही गेली की तशीच बसते. माझ्या वरिष्ठांच्या घरी, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे दाराजवळ. आम्ही मुलं त्याला ‘आईची सवय’ म्हणतो. सवय कुठून आली ते ठाऊक असतं, पण रोज कोण आठवत बसतं? चौथीपर्यंतची तिची शाळा दाराजवळच झाली. पाणी वरून ओंजळीत. गुरुजींची छडीसुद्धा तिच्यापर्यंत यायची नाही, ती लांबून फेकायचे.

तुम्ही जीपवाल्याशी फोनवर बोलत होतात. बोलता बोलता तुमची नजर आईवर गेली. फोन खाली ठेवलात, आलात, वाकलात, तिच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उठवलंत आणि म्हणालात, ‘आमा, यता.’ म्हणजे आई, इकडे. चुलीच्या अगदी लगतची, भिंतीकडची जागा. आई म्हणाली, ‘मले कायले वर बसवता, इथंच बरी हाव मी.’ भाषा तुम्हाला कळली नाही, पण नकार कळला असावा. तुम्ही काही बोलला नाहीत. तिच्या मागं उशी लावलीत, पायांवर घोंगडी टाकलीत, आणि तुमच्या पत्नीनं चांदीची कड असलेला लाकडी कप तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं एक घोट घेतला की कप पुन्हा काठोकाठ. पहिल्या घोटाला आई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘यांच्या चहात मीठ पडलं वाटते, सांगू नको, बाईले वाईट वाटंन.’ डोकं फुटत असताना!

ती जागा तुमच्या वडिलांची, ते गेल्यापासून तिथं सहसा कुणी बसत नाही, हे मला रात्री दवाखान्यात कळलं. तेही तुम्ही सांगितलं नाहीत, सोबत आलेल्या तुमच्या पुतण्यानं सांगितलं. तुमच्याकडे घरात कोण कुठं बसतो यावरून त्याचा मान ठरतो. चुलीजवळ घरातला वडीलधारा किंवा लामा, मग उतरत्या क्रमानं बाकीचे, आणि दाराशी सगळ्यात खालचे.

आईला ऑक्सिजन लावल्यावर तिचा डोळा लागला आणि आपण बाहेरच्या बाकावर बसलो. तुम्ही तुमच्या लहानपणाचं बोललात ते मी माझ्या भाचरांना परत परत सांगते. गाडीरस्ता नव्हता तेव्हाचं गाव. जव आणि फापराची, म्हणजे कुट्टूची शेतं. वडिलांनी जन्मभर खेचरांमागून या खोऱ्यात मीठ, धान्य, लोकर वाहिली, अक्षराची ओळख नाही. राणा घराण्याच्या राजवटीत, 1951 पर्यंत, सामान्य माणसाच्या पोराला शाळा मिळावी असं राज्यकर्त्यांना वाटतच नव्हतं. मग तुमच्या वेळी शाळा आली. पण राजाच्या पंचायत राजवटीतली, एक भाषा, एक वेश. घरी तिबेटीच्या जवळची बोली आणि पुस्तक नेपाळीत. पहिल्याच दिवशी मास्तरांनी हजेरीपटावर तुमचं नावच बदललं, कारण तुमचं नाव त्यांना ‘नेपाळी’ वाटेना. घरच्या भाषेत बोललात तर मार. थंडी सुरू झाली की मास्तर खालच्या मुलुखात पसार. तशीही हिवाळ्यात तुमची शाळा बुडायचीच, कारण तुम्ही आईबरोबर लुधियानाचे स्वेटर घेऊन आसामात विकायला बसायचात. हिंदी तिथं शिकलात, हिशेबही तिथंच. आणि गोम्पात, म्हणजे मठात, काकांनी काळ्या पाटीवर राख पसरून क, ख, ग, ङ गिरवून घेतलं. आमच्या इथं दर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला स्वेटरांची दुकानं लागतात. इतकी वर्षं मी तिथं घासाघीस केली, दुकानातल्या पोरांची शाळा कुठं आहे हे एकदाही मनात आलं नाही.

बौद्धांचं गाव म्हणजे सगळे समान, असा माझा भाबडा समज होता. तो तुम्हीच मोडलात, हे बरं केलंत. तुम्ही म्हणालात, ‘आमच्या गावातही लोहाराला आजी आत घ्यायची नाही. तो दाराशी बसायचा, त्याचा कप वेगळा. माझ्या वर्गात त्याचा मुलगा होता.’ आणि गप्प झालात. 1854 च्या मुलुकी ऐननं, म्हणजे नेपाळच्या कायद्यानं, तुमच्या लोकांना, म्हणजे ‘भोट्यांना’, गुलाम करता येईल अशा जातींत टाकलं होतं आणि तुमच्याच लोकांनी लोहाराला दाराशी बसवलं, हेही तुम्हीच सांगितलंत. स्वतःच्या आजीबद्दल असं परक्या बाईला सांगायला केवढी छाती लागते.

तेव्हा मला उलगडलं. आईला तुम्ही उचललंत ते आजारी म्हातारी म्हणून नव्हे. दाराजवळ माणूस आपण होऊन बसतो तेव्हा त्याच्यामागं काय असतं हे तुम्हाला माहीत होतं. आडनाव तुम्ही विचारलं नव्हतंत, जात विचारली नव्हतीत, आम्ही बौद्ध आहोत हेसुद्धा तुम्हाला तोवर कळलं नव्हतं. आमच्यासोबत इतके दिवस एका बसमध्ये प्रवास केलेल्या, शिकल्यासवरलेल्या माणसांना जे दिसलं नाही, किंवा दिसून सोयीचं वाटलं, ते तुम्हाला फोनवर बोलता बोलता दिसलं.

मी फार माणसं पाहिली, गुरुजी. काउंटरच्या आत बसलं की माणूस चांगला कळतो. मदत करणारे पुष्कळ असतात, पण बहुतेकांची मदत वरून येते, ओंजळीतल्या पाण्यासारखी. उपकार झाला हे घेणाऱ्याच्या लक्षात राहील याची ते काळजी घेतात. माणसाला मदत करताना त्याला आपल्या बरोबरीला किंवा एक पायरी वर बसवणारा क्वचित भेटतो. आमच्या गावाकडेही असे होते. एका सावकाराघरच्या बाईनं आईला चोरून पाटी-पेन्सिल दिली होती. पण तीसुद्धा मागच्या दारानं.

नागपुरात आल्यावर एक बदल झालाय. परवा माझ्या मुलीच्या सासरी कार्यक्रम होता. आई सरळ आत गेली आणि सोफ्यावर मधोमध बसली. विहीणबाईंना वाटलं म्हातारीचा मान राहिला पाहिजे, म्हणून त्या बाजूला सरकल्या. मी आणि माझी बहीण स्वयंपाकघरात जाऊन रडलो. आईला विचारलं तर म्हणाली, ‘मास्तरानं तिथं बसवलं होतं ना मले, आता खाली बसलं तं त्याचा अपमान नाही का?’

जीपचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून शाळेसाठी पुस्तकांचं खोकं पाठवलंय. हिंदी आणि इंग्रजी गोष्टीची आहेत. पोरं पोखरा-काठमांडूच्या वसतिगृहांत आणि पुढं थेट न्यूयॉर्कला निघून जातात, वर्गात बोटावर मोजण्याइतकी उरलीत, असं तुम्ही म्हणाला होतात. जी उरलीत त्यांच्या हातात पडू द्या. खोकं कस्टममध्ये अडलं तर कळवा, मी बँकवाली आहे, कागदांना घाबरत नाही.

टूरवाल्याविरुद्ध तक्रार केलीय. पैसे मिळतील न मिळतील, पण पुढच्या म्हातारीसाठी सिलिंडर भरलेला असावा.

ऑक्टोबरात सवड काढून नागपूरला या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर इतकी माणसं असतात की राहायची-खायची आबाळ होईल असं वाटेल, पण आमचं घर आहे. उकाड्याची मात्र तयारी ठेवा. वहिनींना म्हणावं मीठ घातलेला चहा आई आता मागून घेते, लोणी तेवढं आमच्याकडे तसलं मिळत नाही.

आणि आई विचारतेय, धाकटीच्या एसईई, म्हणजे दहावीच्या परीक्षेचं काय झालं? तिला सायन्स घ्यायचं होतं ना? निकाल लागला की लगेच कळवा.

तुमची,
नागपूरची बहीण