गच्चीचे काम आणि भोगवटा पत्र

पुणे, 14 जुलै 2024

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वारज्याच्या घरी जाऊन आले. दिवाणखान्याच्या छताला कठड्याच्या बाजूने ओल उतरली आहे, रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि पंख्याच्या हुकाभोवती पांढरा खार धरला आहे. आई, तुझे लाकडी कपाट मी भिंतीपासून पुढे ओढून ठेवले आहे, त्यातल्या साड्या कोरड्या आहेत.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात की महापालिकेने भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, दिलेले घर आहे, तेव्हा बांधकामात खोट कशी असेल. बिल्डरच्या माणसानेही मला हेच ऐकवले, फक्त त्याच्या सोयीसाठी. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

माझ्यासोबत एक अनुभवी मिस्त्री होते. त्यांनी पाण्याच्या लेव्हल पाइपने गच्चीचा उतार मोजला. मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार असावा असे ते सांगतात, म्हणजे आपल्या सहा मीटरच्या गच्चीला सहा सेंटिमीटर. प्रत्यक्षात तो जेमतेम दोन भरला आणि मधोमध खळगा आहे. पावसाळी पाइपचे तोंड कोब्याच्या (पाणी मुरू नये म्हणून गच्चीवर घातलेल्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराच्या) पृष्ठभागापेक्षा बोटभर उंच बसवलेले असल्यामुळे शेवटचे पाणी बाहेर पडतच नाही, ते तिथेच साचून मुरते. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई करून ती कठड्यावर फूटभर चढवायला हवी होती. आपल्याकडे तिथे सरळ काटकोन सोडला आहे आणि त्या सांध्यात केसाएवढी चीर लांबवर गेली आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकले की कोबा दोन-तीन ठिकाणी पोकळ वाजतो, कारण विटांच्या तुकड्यांमधल्या फटी मसाल्याने नीट भरलेल्या नाहीत. त्यात भर म्हणजे सोलर हीटरच्या स्टँडचे बोल्ट याच कोब्यात भोके पाडून ठोकले आहेत. (हे सोलर बिल्डरनेच बसवून दिले होते, हे लक्षात असू द्या, कारण तो पहिला दोष त्यालाच देणार.)

आता भोगवटा पत्राविषयी. ते देताना इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, सोडली आहेत का, वाढीव बांधकाम नाही ना, सांडपाण्याची सोय झाली आहे का हे पाहिले जाते आणि वास्तुविशारद व स्ट्रक्चरल इंजिनिअर यांचे दाखले जोडून घेतले जातात. कोबा घालताना अधिकारी उभा नसतो, आणि कोबा झाल्यावर त्याच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही. गच्चीवर पाणी तुंबवून दोन-तीन दिवस ठेवायची चाचणी ठेकेदाराने करायची असते. शिवाय आपल्या फायलीतील तारखेप्रमाणे पाहणी नोव्हेंबरात, पावसाळा सरल्यावर झाली होती. त्या उन्हात कोणतीही गच्ची चांगलीच दिसली असती. बाबा, दहावीच्या गुणपत्रिकेवरून मुलाचे अक्षर कसे आहे ते कळत नाही, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार! परवानगी मिळाली म्हणून बांधणाऱ्याची जबाबदारी संपते, असे मात्र कुठेही नाही.

उलट कायदा आपल्या बाजूने आहे. रेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनासाठीच्या, 2016 च्या कायद्यातील कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळून तो बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्याने तो तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि तसे न केल्यास भरपाई मागता येते. आपल्याला ताबा डिसेंबर 2019 मध्ये मिळाला, म्हणजे मुदत येत्या डिसेंबरात संपते. घर तुमच्या नावावर असल्यामुळे पत्र तुमच्याच सहीने, रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह जायला हवे. मसुदा मी पाठवते आहे, सोबत फोटो आणि इंजिनिअरचा लेखी अहवाल जोडणार आहे.

बिल्डरचा माणूस केमिकलचा एक हात मारून देतो म्हणाला. मी नको म्हटले. ओल्या पृष्ठभागावरचा थर धरत नाही आणि खालचा उतार त्याने सुधारत नाही. कोबा फोडून नव्याने घालायचे काम पावसाळ्यानंतरच होईल. तोवर कठड्यालगत ताडपत्री टाकून घेते. त्याने तुमच्याकडे ‘काम समाधानकारक झाले’ अशा कागदावर सही मागितली, तर कितीही गोड बोलला तरी देऊ नका. तुमचा भिडस्त स्वभाव मला माहीत आहे.

ताईकडे राखीपर्यंत निवांत राहा, घाईने पुण्याला यायची गरज नाही. ताबापत्राची मूळ प्रत कोणत्या फायलीत ठेवली आहे तेवढे मात्र आज-उद्याच कळवा.

तुमची,
मीनू