यंदा गणपतीला येत नाहीये

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितेय. पॅसिफिक महासागरातल्या या रारोटोंगा बेटावरचा मुक्काम मी आणखी एक वर्ष वाढवलाय. कागदांवर सहीसुद्धा केली. बाबा, पत्र लगेच बाजूला ठेवू नका, पुढचं वाचा.

इथल्या डोंगरात काकेरोरी नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे. 1989 साली सगळ्या जगात मिळून 29 उरले होते. उंदीर घरट्यातली अंडी-पिल्लं खायचे. आज हे पक्षी शेकड्यांनी आहेत, कारण काइनुकु, कारिका आणि मानावारोआ या तीन घराण्यांनी आपलं 155 हेक्टर रान त्यांच्यासाठी राखलंय. 1996 पासून कारभारही तेच बघतात. उंदरांचं विष सप्टेंबरपासून दर आठवड्याला ठेवावं लागतं, ऑक्टोबरात घरटी लागतात. म्हणजे नेमके गणपती आणि दिवाळी. एक हंगाम चुकला तर उंदीर पुन्हा माजतात हो, नाहीतर मी आलेच असते.

उंदीर चढू नयेत म्हणून घरट्याच्या झाडाला इथे पत्रा गुंडाळतात. पहिल्यांदा पाहिला आणि पाय तिथेच थबकले. बाबा, आपल्या माडांना तुम्ही मारता तस्साच! मी शिडी धरून उभी, खिळे माझ्या फ्रॉकच्या खिशात.

पिल्लं केशरी असतात. चार वर्षांची होईतो करडी होतात. करडा पक्षी दिसला की तुम्हा दोघांशी मनात बोलते.

आई, जेवणाची काळजी नको. अळू इथे भरपूर. त्याला रुकाऊ म्हणतात, नारळाच्या दुधात शिजवतात. चिंच-गुळाची आठवण येते एवढंच. मच्छरदाणी आहे, घरमालकीण मायाळू आहे.

आता ऐका. बाबांनी शिडी काढायची नाही. नारळांना माणूस बोलवा, पैसे पाठवलेत. बीपीची गोळी नाश्त्याआधी, विसरलात तर आईने मला कळवायचं. माईआत्याच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना? आई, तू मोदक वळताना खाली बसू नकोस, खुर्ची घे. एकवीसच कर, दादा-वहिनी काही म्हणणार नाहीत.

सकाळच्या आरतीला फोन मखरासमोर ठेवा. तुमचे साडेसात म्हणजे इथे आदल्या दिवशीचे दुपारचे चार. मी रानातून खाली उतरून थांबते. बाबा, झांज तुम्हीच वाजवा.

तुमची,
छकुली